वाचक विचारतात: जन्नतची यादी कुणाकडे असते?

मागच्या अंकात रोजाबद्दल लिहिताना जन्नतच्या 'रय्यान' नावाच्या दरवाजाचा उल्लेख एका ओळीत केला होता. रोजा ठेवणाऱ्यांसाठी राखलेला दरवाजा, एवढंच. त्या ओळीवर जितकी पत्रं आली तितकी बाकीच्या सगळ्या लेखावर मिळूनही आली नाहीत. बहुतेकांना रोजाशी फारसं देणंघेणं नव्हतं, त्यांना विचारायचं होतं ते मरणानंतरचं. म्हणून हा अंक त्यालाच दिला.

उत्तरांआधी एक सांगते. कॉलेजात इस्लामचा इतिहास शिकवायची, तेव्हा या विषयाच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर तीन रकाने आखायची. पहिल्यात कुरआनात काय आहे ते, दुसऱ्यात हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींमध्ये काय आहे ते, आणि तिसऱ्यात लोकांच्या तोंडी काय आहे ते. मुलं जे सांगतील ते मी ज्याच्या त्याच्या रकान्यात लिहायची. तिसरा रकाना दर वेळी खाली फळ्याच्या चौकटीला टेकायचा. इथेही तोच हिशेब ठेवते.

मुसलमानांची जन्नत म्हणजे आपला स्वर्गच ना? माणूस मेला की लगेच तिकडे जातो, की मध्ये काही असतं?
*– एक निवृत्त शिक्षक*

साम्य आहे, पण वरवरचं. पुराणांतल्या स्वर्गात पुण्याई सरली की मुक्काम हलतो आणि नरकातही भोग संपले की जीव पुढच्या जन्माला लागतो. इस्लाममध्ये जन्म एकच, मृत्यू एकच आणि निकालही एकदाच. त्यामुळे सगळा भार या एका आयुष्यावर येतो. आखिरतवर, म्हणजे मरणोत्तर जीवनावर विश्वास ठेवणं हे श्रद्धेचं मूळ कलम आहे. ते ज्याला मान्य नाही त्याचं बाकीचं कर्मकांड कितीही चोख असो, पाया नाही.

मेल्यावर लगेच कुणी जन्नत किंवा जहन्नममध्ये, म्हणजे नरकात, जात नाही. मध्ये बरजख आहे, कयामतपर्यंतचा, म्हणजे अंतिम निवाड्याच्या दिवसापर्यंतचा पडदा. कबरीत दोन फरिश्ते येऊन विचारतात: तुझा पालनहार कोण, तुझा धर्म कोणता, तुझा पैगंबर कोण. त्यांची मुनकर आणि नकीर ही नावं दुसऱ्या रकान्यातली, कुरआनात ती नाहीत. मग कधीतरी सूर, म्हणजे कर्णा, फुंकला जाईल आणि सगळे मरतील, पुन्हा फुंकला जाईल आणि सगळे उठून उभे राहतील (सूरह जुमर; सूरह म्हणजे कुरआनातला अध्याय). प्रत्येकाच्या हातात त्याच्या कर्मांची नोंदवही येईल. ज्याच्या उजव्या हातात आली, तो आनंदाने म्हणेल, "घ्या, वाचा माझी वही!" ज्याच्या डाव्या हातात आली, तो म्हणेल, "मला ही मिळालीच नसती तर बरं झालं असतं." हे सूरह हाक्कामध्ये जवळजवळ असंच आहे. तोंडावर मोहर लागेल आणि हात बोलतील, पाय साक्ष देतील, असं सूरह यासीन सांगते. तराजू मांडला जाईल आणि कणाएवढी भलाई, कणाएवढी बुराईही समोर येईल.

त्यानंतरचा पूल तुम्ही ऐकला असेल, पुलसिरात. सूरह मरियममध्ये एवढंच आहे की तुमच्यातला प्रत्येकजण जहन्नमपाशी येणार आहे. तिच्यावरच्या पुलाचं वर्णन हदीसमध्ये येतं: कुणी डोळ्याची पापणी लवावी तसा पार होईल, कुणी विजेसारखा, कुणी वाऱ्यासारखा, कुणी चपळ घोड्यासारखा, कुणी ओरखडे खात कसाबसा. माझी दादी "केसाहून बारीक, तलवारीहून धारदार" असं म्हणताना आवाज इतका खाली आणायची की आम्ही नातवंडं पाय पोटाशी घेऊन बसायचो. हे वाक्य तिसऱ्या रकान्यातलं वाटतं, पण ते सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात आहे. मात्र तिथे ते पैगंबरांचे सोबती अबू सईद खुदरी सांगतात, आणि तेही "माझ्या कानावर असं आलंय" अशा शब्दांत. दादीने ही प्रस्तावना गाळली होती. आज्या गाळतातच.

जहन्नमचे दरवाजे सात (सूरह हिज्र), जन्नतचे आठ (हदीस). दयेच्या बाजूला एक जास्तच.

मॅडम, रागावू नका, पण बहात्तर हूरांचं खरं काय आहे? ग्रुपवर नुसते विनोद चालू असतात.
*– कॉलेजचा विद्यार्थी*

रागावले नाही. हा प्रश्न वर्गात दर वर्षी यायचा, नेहमी मागच्या बाकावरून आणि बहुतेकदा खोकल्याच्या आडून. तू निदान लिहून विचारलंस.

कुरआनात हूरांचा उल्लेख मोजक्या जागी आहे: दुखान, तूर, रहमान, वाकिआ या सूरांमध्ये. टपोऱ्या डोळ्यांच्या, निर्मळ सोबतिणी. आकडा कुठेच नाही. बहात्तर येतो तो तिर्मिझींच्या संग्रहातल्या एका हदीसमध्ये, शहिदाला काय काय मिळेल याच्या यादीत. आणि त्या यादीतलं तेवढंच एक कलम जगभर फिरतं. विनोद करणारेही तेच उचलतात आणि तुझ्या वयाच्या पोरांना मरायला-मारायला पाठवणारेही तेच उचलतात. हे दुसरे लोक एक गोष्ट सोयीने विसरतात. ज्याने लोखंडी हत्याराने स्वतःचा जीव घेतला, तो जहन्नममध्ये तेच हत्यार हातात घेऊन आपल्या पोटात खुपसत राहील, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या सर्वांत विश्वासार्ह मानल्या जाणाऱ्या दोन्ही संग्रहांत आहे. आणि एका निरपराधाला मारणं म्हणजे सगळ्या माणुसकीला मारणं, हे तर कुरआनातलं आहे, सूरह माइदा.

आता तूच वाकिआ सूरह काढून वाच. काटे नसलेल्या बोरी, केळीचे लगडलेले घड, लांबवर पसरलेली सावली, वाहतं पाणी. ज्यांनी हे पहिल्यांदा ऐकलं ते वाळवंटातले लोक होते. सावली लांबवर पसरलेली आहे, एवढं ऐकूनच त्यांचे डोळे मिटले असतील. सूरह मुहम्मदमध्ये चार प्रकारच्या नद्या आहेत: न नासणारं पाणी, चव न बिघडणारं दूध, मद्य आणि मध. मद्याने डोकं दुखणार नाही, हेही दुसरीकडे आवर्जून सांगितलंय. आणि मग माझ्या आवडीची दोन कलमं, ज्यांवर कुणी विनोद करत नाही. एक, तिथे फालतू बडबड ऐकू येणार नाही. दोन, माणसांच्या मनातले एकमेकांबद्दलचे सल काढून टाकले जातील आणि ते भावाभावांसारखे समोरासमोर बसतील. दुसऱ्या कलमासाठी मी केळी सोडायला तयार आहे.

पुरुषांना हूर, मग आम्हाला काय? आणि जहन्नममध्ये बायकाच जास्त असणार, असं व्याख्यानांत नेहमी सांगतात. ते खरं का?
*– एक वाचक भगिनी*

हा प्रश्न जुना आहे, तुमच्या-माझ्यापेक्षा फार जुना. पैगंबरांच्या पत्नी उम्म सलमा यांनी त्यांना विचारलं होतं की कुरआनात पुरुषांचा उल्लेख होतो तसा आम्हा बायकांचा का होत नाही. त्यानंतर सूरह अहजाबमधली 35 वी आयत, म्हणजे वचन, उतरली, अशी नोंद आहे. त्या आयतीत दहा जोड्या आहेत: खरं बोलणारे पुरुष आणि खरं बोलणाऱ्या स्त्रिया, धीर धरणारे आणि धीर धरणाऱ्या, दान करणारे आणि दान करणाऱ्या, अशा. कुठेही "वगैरे" नाही. प्रत्येक गुणाला दोघांची वेगळी नावं, आणि शेवटी दोघांना मिळून एकच बक्षीस. तेव्हा विचारण्यात गैर काही नाही. विचारलं म्हणूनच उत्तर आलं.

सूरह रअदमध्ये आईवडील, जोडीदार, मुलं यांच्यातले जे जे चांगले असतील ते एकत्र येतील, असं आहे. आणि मनाला जे हवं ते तिथे असेल, हे सूरह जुखरुफ स्त्री-पुरुष असा भेद न करता सांगते.

व्याख्यानात ऐकलेली ती हदीस आहे, बुखारींच्या संग्रहात आहे, मी ती लपवणार नाही. पैगंबरांना जहन्नम दाखवली गेली, तिथे बायका जास्त दिसल्या, आणि कारण सांगितलं ते नवऱ्याच्या उपकारांची जाण न ठेवण्याचं. पण सहीह मुस्लिममध्ये आणखी एक प्रसंग आहे. जन्नतमध्ये पुरुष जास्त असतील की बायका, यावर लोकांत वाद लागला. तेव्हा पैगंबरांचे सोबती अबू हुरैरा यांनी पैगंबरांच्या एका वचनाचा हवाला दिला: तिथे प्रत्येक पुरुषाला दोन पत्नी असतील. दोनास एक, म्हणजे उत्तर झालंच! ही दुसरी गोष्ट मात्र मी एकाही व्याख्यानात ऐकलेली नाही. दोन्ही सांगायच्या तर दोन्ही सांगा.

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. शिकवायला येणाऱ्यांनी त्याला जहन्नमचं वर्णन सांगितलं: कातडी जळते, नवी येते, पुन्हा जळते. तेव्हापासून रात्री दिवा बंद करू देत नाही. "मी खोटं बोललो होतो, मी जळणार का?" असं विचारत राहतो. मी त्याला काय सांगू?
*– एका आईचं पत्र*

आधी दिवा चालू राहू द्या.

कातडीची आयत खरी आहे, सूरह निसामध्ये आहे. पण ती अल्लाहच्या आयतींना ठामपणे नाकारणाऱ्यांबद्दल आहे, खाऊवरून थाप मारणाऱ्या पोराबद्दल नाही. लहान मुलाचा हिशेबच नसतो. तीन माणसांवरून कलम (लेखणी) उचलली गेली आहे, म्हणजे त्यांच्या नावावर गुन्हा लिहिला जात नाही, अशी प्रसिद्ध हदीस आहे: झोपलेला जागा होईपर्यंत, वेडा शहाणा होईपर्यंत आणि मूल वयात येईपर्यंत. ज्याच्या नावाने वहीच उघडलेली नाही त्याला वहीची भीती घालणं हे शिक्षण नव्हे. त्या गृहस्थांना हे सांगा, आणि पटलं नाही तर दुसरा शिक्षक बघा.

मुलाला पैगंबरांचं एक स्वप्न सांगता येईल, बुखारीत आहे. त्यांना एक हिरवीगार बाग दिसली. बागेत एक खूप उंच गृहस्थ उभे होते आणि त्यांच्याभोवती मुलांची एवढी गर्दी की तेवढी मुलं त्यांनी कधी पाहिली नव्हती. ते गृहस्थ म्हणजे हजरत इब्राहीम, आणि ती मुलं म्हणजे लहानपणीच वारलेली. ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी लगेच विचारलं, "मूर्तिपूजकांची मुलंसुद्धा?" ते म्हणाले, "मूर्तिपूजकांची मुलंसुद्धा."

आणि रात्री झोपताना सांगायला माझ्याकडे एक गोष्ट आहे. माझ्या मुलींना मी हीच सांगायची. सहीह मुस्लिममध्ये पैगंबरांचे सोबती अब्दुल्लाह इब्न मसऊद ती सांगतात. जन्नतमध्ये सगळ्यात शेवटी शिरणारा माणूस. तो जहन्नममधून निघतो तो दोन पावलं चालतो, पडतो, आगीचा चटका खातो, पुन्हा उठतो. बाहेर आल्यावर मागे वळून तिला म्हणतो, "सुटलो बुवा तुझ्यापासून!" त्याला वाटतं, एवढं आजवर कुणालाच मिळालं नसेल. तेवढ्यात लांब एक झाड दिसतं. "हे पालनहारा, त्या झाडाजवळ ने, सावलीत बसतो, पाणी पितो." अल्लाह विचारतो, "हे दिलं तर आणखी काही मागशील." "नाही, नाही मागणार!" शपथ घेतो. झाडाजवळ पोचतो. मग दुसरं झाड दिसतं, पहिल्याहून देखणं. "फक्त तिथपर्यंत. मग काही मागणार नाही." अल्लाह म्हणतो, "तू शपथ घेतली होतीस ना?" पण त्याला माहीत असतं की याला राहवणार नाही, म्हणून नेतो. मग तिसरं झाड, अगदी जन्नतच्या दाराशी. तिथे आतल्या लोकांचे आवाज ऐकू येऊ लागतात. आता कसला धीर! "आत घे ना."

"तुझं मागणं कधी थांबणार रे? सगळी दुनिया दिली आणि तेवढीच आणखी एक दिली, तर खूश होशील?"

तो बावरतो. "तू साऱ्या जगांचा मालक, आणि माझी थट्टा करतोस?"

इथे गोष्ट सांगता सांगता इब्न मसऊद हसू लागायचे आणि म्हणायचे, "विचारा ना, मी का हसलो ते." कारण पैगंबर इथे हसले होते. आणि ते का हसले? कारण त्या माणसाचं ते बोलणं ऐकून अल्लाहच हसला. "थट्टा नाही करत. मी हवं ते करू शकतो."

मुलाला विचारा, तो चौथं झाड मागेल का. माझी धाकटी मागायची.

तुमच्यासाठी एक वेगळी. युद्धकैद्यांत एक बाई वेड्यासारखी धावत होती, दिसेल त्या बाळाला छातीशी धरत होती. पैगंबरांनी सोबत्यांना विचारलं, "ही आपलं मूल आगीत टाकेल असं वाटतं तुम्हाला?" ते म्हणाले, "तिच्या हातात असेल तोवर कधीच नाही." "मग अल्लाह आपल्या बंद्यांवर या बाईपेक्षा जास्त दयाळू आहे." बुखारी आणि मुस्लिम, दोन्हींत.

ही आग, ही फळं अक्षरशः खरी मानायची की रूपक?
*– एक वाचक*

यावर मोठमोठे भांडलेत. तत्त्वज्ञ इब्न सीना (980–1037) यांचा कल असा की शरीराचं पुन्हा उठणं तर्काने सिद्ध होत नाही आणि धर्मग्रंथ ही चित्रं सामान्य माणसाला समजावीत म्हणून वापरतात. धर्मपंडित गझालींनी (1058–1111) तत्त्वज्ञांवर जे तीन सर्वांत गंभीर आरोप ठेवले, त्यातला एक हाच: शारीरिक पुनरुत्थान नाकारणं. त्याला पुढच्या शतकात तत्त्वज्ञ इब्न रुश्द (1126–1198) यांनी उत्तर दिलं. बहुसंख्य सुन्नी उलेमा, म्हणजे धर्मपंडित, म्हणतात की खरंच आहे, पण आपल्या अनुभवातलं नाही. पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांचं वचन सांगतात की जन्नतमध्ये या जगातलं काही नाही, फक्त नावं आहेत. आणि हदीसमध्ये अल्लाहचेच शब्द आहेत: मी माझ्या भल्या बंद्यांसाठी असं काही तयार ठेवलंय जे कुठल्या डोळ्याने पाहिलं नाही, कुठल्या कानाने ऐकलं नाही, कुणाच्या मनातही आलं नाही. यापुढे वाद घालण्यात मला रस नाही.

वडिलांच्या माघारी घर आणि जमीन माझ्याकडे आली. बहिणींनी काही मागितलं नाही, मीही काही बोललो नाही. आता हजला जायचं ठरवलंय. हजने आधीची सगळी पापं धुतली जातात असं ऐकलंय. तसं असेल तर हा विषय काढायची गरज आहे का?
*– एक व्यावसायिक*

आहे. आणि तुम्हाला ते माहीत आहे, नाहीतर पत्र लिहिलं नसतं.

सूरह निसा उघडा. 11 आणि 12 या आयतींत वारशाचे वाटे आहेत: मुलाचा किती, मुलीचा किती, आईचा, नवऱ्याचा, बायकोचा, अगदी अपूर्णांकांसकट. आणि लगेच, मध्ये एकही दुसरा विषय न येता, 13 वी आयत म्हणते की या अल्लाहच्या मर्यादा आहेत, ज्या पाळेल त्याला जन्नत. 14 वी म्हणते, ज्या ओलांडेल त्याला आग. सगळ्या कुरआनात जन्नत आणि जहन्नम इतक्या हिशेबी मजकुराला चिकटून दुसरीकडे क्वचितच येतात. त्याआधीची 10 वी आयत अनाथांचा माल खाणाऱ्यांची आहे: ते आपल्या पोटात आग भरतात. "मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा" एवढं पाठ असलेले भाऊ पुष्कळ भेटतात. तो निम्मा पोचता केलेले कमी.

बहिणींनी मागितलं नाही म्हणजे सोडलं असं होत नाही. गप्प राहणं आणि राजीखुशीने देणं यांत फरक आहे, आणि तो हिशेबाच्या दिवशी त्या स्वतः सांगतील.

हजचं म्हणाल तर अल्लाहचे हक्क अल्लाह माफ करतो, माणसांचे हक्क माणसांनीच माफ करायचे असतात. शहिदाचं सगळं माफ होतं, कर्ज सोडून, अशी हदीस आहे. एका मयताच्या जनाजाची नमाज पढवायला पैगंबरांनी नकार दिला, कारण त्याच्यावर तीन दिनारांचं कर्ज होतं आणि फेडायला मागे काही नव्हतं. अबू कतादा नावाचे सोबती पुढे झाले, "त्याचं कर्ज माझ्यावर," तेव्हा नमाज झाली.

आणि एकदा त्यांनी सोबत्यांना विचारलं, कंगाल कोण? लोक म्हणाले, ज्याच्याकडे पैसा नाही, सामान नाही तो. ते म्हणाले, माझ्या उम्मतमधला (अनुयायांमधला) कंगाल तो, जो कयामतला नमाज, रोजा, जकात सगळं घेऊन येईल, पण कुणाला शिवी दिलेली, कुणावर आळ घेतलेला, कुणाचा माल खाल्लेला, कुणाला मारलेलं. मग त्याची पुण्यं काढून या माणसांना दिली जातील. पुण्यं संपली आणि देणं उरलं, तर त्यांची पापं याच्या अंगावर घातली जातील. आणि मग आग.

म्हणजे तुमचा हज कबूल झाला तरी तो बहिणींच्या खात्यात जमा होण्याची व्यवस्था तुम्हीच करून ठेवलीय. आधी कागद काढा, बहिणींना बोलवा, वाटे करा. त्यानंतरही त्यांनी आपखुशीने काही परत दिलं तर ते घ्या. मग हजचं बघा.

मी हिंदू आहे. माझ्या जिवलग मुसलमान मैत्रिणीच्या एका नातेवाइकाने मला तोंडावर सांगितलं, "तुम्ही कितीही चांगल्या असलात तरी तुमची जागा जहन्नममध्ये." गोड बोलून समजूत घालू नका. खरं काय ते सांगा.
*– एक वाचक*

बरं. गोड काही नाही.

कुरआनात अशा आयती आहेत ज्यांच्या आधारे त्या गृहस्थांनी हे म्हटलं असेल. इस्लामखेरीज दुसरा धर्म स्वीकारला जाणार नाही, ही आल-इमरान सूरहमधली. अल्लाहबरोबर दुसऱ्याला भागीदार ठरवणं, ज्याला शिर्क म्हणतात, ते तौबा, म्हणजे पश्चात्ताप, न करता मेलेल्याला माफ नाही, ही निसामधली. बहुसंख्य परंपरागत उलेमांचं मत या बाजूला झुकतं, हे मी नाकारत नाही.

त्याच कुरआनात दुसऱ्याही आयती आहेत. यहुदी, ख्रिस्ती, साबी (एक जुना धर्मपंथ) यांच्यातलाही जो अल्लाहवर आणि शेवटच्या दिवसावर विश्वास ठेवील आणि भलं करील, त्याला भीती नाही (सूरह बकरा). आणि बनी इस्राईल सूरहमध्ये, "आम्ही पैगंबर पाठवल्याशिवाय कुणाला शिक्षा करत नाही." या शेवटच्या आयतीवरून मोठा विचार झाला. गझालींनी आपल्या काळातल्या मुसलमानेतरांचे तीन गट केले. ज्यांच्या कानी इस्लामचं नावही गेलं नाही, ते माफ. ज्यांना पैगंबरांचं चारित्र्य, संदेश सगळं नीट माहीत झालं आणि तरी ज्यांनी हट्टाने नाकारलं, ते दोषी. आणि तिसरा गट: ज्यांनी नाव ऐकलं, पण लहानपणापासून वाईट, विपर्यस्त असंच ऐकलं. गझाली म्हणतात, यांना पहिल्या गटातच धरा, कारण असं ऐकून कुणाला शोध घ्यावासा वाटेल? आपल्या काळातल्या रूमच्या (बायझंटाइन साम्राज्याच्या) ख्रिस्ती आणि तुर्कांपैकी बहुतेकांना अल्लाहची दया सामावून घेईल, असं त्यांनी लिहून ठेवलंय. हा माणूस ढिला नव्हता, इब्न सीनांना काफिर ठरवणारा हाच. आज टीव्ही आणि मोबाइलवरून तुमच्यापर्यंत इस्लाम कसा पोचतो हे पाहिलं, तर तिसऱ्या गटाबद्दल वेगळं सांगायला नको.

हे झालं ग्रंथांचं. त्या नातेवाइकाचं वेगळं आहे. त्याने तुमचं नाव घेऊन निकाल दिला आणि तो अधिकार त्याचा नाही. मदिन्यात उस्मान बिन मजऊन वारले, अगदी सुरुवातीच्या मुसलमानांपैकी एक, कडक उपासक. ज्या घरात ते राहायचे त्या घरच्या उम्म अला त्यांच्या मयतापाशी म्हणाल्या, "अल्लाहने तुला सन्मान दिला, मी साक्ष देते." पैगंबर तिथेच होते. त्यांनी विचारलं, "तुला कसं ठाऊक? त्याच्याबद्दल मला भल्याची आशा आहे, पण अल्लाहची शपथ, मी पैगंबर असून मलाही माहीत नाही की माझं काय होईल." उम्म अला म्हणाल्या, यापुढे मी कुणालाही असं प्रमाणपत्र देणार नाही.

जन्नतचं प्रमाणपत्र देता येत नाही, तर जहन्नमचं कसं येईल? सहीह मुस्लिममध्ये आहे: एकाने दुसऱ्याबद्दल शपथेवर सांगितलं, "अल्लाह याला माफ करणार नाही." अल्लाह म्हणाला, "मी माफ करणार नाही असं माझ्या नावाने सांगणारा हा कोण? मी त्याला माफ केलं, आणि तुझी कर्मं वाया घालवली." मैत्रिणीला सांगा, एवढी हदीस त्या गृहस्थांच्या व्हॉट्सॲपवर पाठवून दे.

जहन्नम कायमची का?
*– एका ओळीचं पोस्टकार्ड, सही नाही*

मुसलमान पापी असेल तर बहुसंख्य सुन्नी मताने कायमची नाही. मनात मोहरीच्या दाण्याएवढी श्रद्धा असेल तोही शेवटी बाहेर काढला जाईल, असं हदीस सांगते. मुअतझिला आणि खारिजी या जुन्या पंथांना हे मान्य नव्हतं: मोठं पाप केलं, तौबा केली नाही, की संपलं. बाकीच्यांसाठी ती कायमची, हे प्रचलित मत. पण सूरह हूदमध्ये जहन्नमच्या मुक्कामाबद्दल "तुझ्या पालनहाराची इच्छा असेल ते सोडून" अशी एक फट आहे. त्या फटीतून धर्मपंडित इब्न तैमिया (1263–1328) आणि त्यांचे शिष्य इब्न कय्यिम (1292–1350) शिरले: अल्लाहची दया त्याच्या कोपाहून मोठी, तर आग एक दिवस विझणारच. त्यांच्याच काळातले विद्वान तकीउद्दीन सुबकी यांनी त्यावर लेखी हल्ला चढवला. ज्या इब्न तैमियांचं नाव आज सगळ्यात कडक लोक घेतात, त्यांच्याच नावावर हे मत आहे.

माझं मांजर गेल्या महिन्यात गेलं. ते मला जन्नतमध्ये भेटेल का?
*– इयत्ता सातवी*

तू एकदम अवघड विचारलंस. प्राणीही त्या दिवशी गोळा होतील, हे कुरआनात आहे. शिंगवाल्या मेंढीने बिनशिंगाच्या मेंढीला मारलं असेल तर तिचाही हिशेब होईल, हे हदीसमध्ये आहे. त्यानंतर त्यांना सांगितलं जाईल, "माती व्हा," असं जुने भाष्यकार म्हणतात. पण वर मी जुखरुफ सूरहबद्दल लिहिलंय ते वाच: मनाला जे हवं ते तिथे असेल. तुला मांजर हवं असेल तर त्याआड कोण येईल असं मला तरी वाटत नाही.

मांजरांबद्दल एक नक्की सांगते. एका बाईने मांजर कोंडून ठेवलं, खायला दिलं नाही, आणि स्वतःचं स्वतः शोधून खायलाही सोडलं नाही. ते मेलं आणि ती जहन्नममध्ये गेली. आणि एका बदनाम बाईला विहिरीपाशी एक कुत्रं दिसलं. तहानेने जीभ बाहेर काढून ते धापा टाकत होतं. तिने पायातला चामडी मोजा काढला, ओढणीला बांधला, विहिरीत सोडला आणि पाणी काढून त्याला पाजलं. तेवढ्यावर तिला माफी मिळाली. दोन्ही बुखारीत आहेत.

तुझ्या मांजराचं नाव काय होतं ते तू लिहिलं नाहीस. पुढच्या पत्रात लिही.